नोंदवही: नाही

"दोघीही अनुभवी आहात," साहेब म्हणाले. "बाहेरून तज्ज्ञ बोलवायला यंदा पैसे नाहीत. तर असं करू. तुम्ही यांचं काम बघून या, या तुमचं बघतील. दोघींचे अहवाल आले की ठरवू. पुढे एकच काम चालू ठेवता येईल, दोन्ही नाही."

साहेब म्हणजे चाकणच्या एका कंपनीत समाजकार्याचा विभाग सांभाळणारे गृहस्थ. कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते आणि नफ्यातला थोडा वाटा आसपासच्या वस्त्यांसाठी बाजूला काढते. त्या वाट्यावर दोन छोटी कामं चालत होती. एक माझं, दापोडीत रेल्वे लाइनीलगतच्या गल्लीत मुलांची अभ्यासिका. दुसरं तिचं. डोंगराकडच्या बाजूला एका धरणाच्या पाण्यात बेट होऊन राहिलेल्या वाडीवर औषधपाण्याचं काम, आणि ये-जा करायला होडी.

ती माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिने लगेच मान डोलावली. "चालंल की सर. वाडी बघायला कवाची बोलावतीय मी ताईला, ती येतच न्हाई."

मी हसले. 'दोघीही' हा शब्द मात्र मनात कुसळासारखा रुतून बसला.

कारण ती माझ्या हाताखाली तयार झाली होती. मी समाजकार्याची पदवी घेतलेली. वडील लातूरकडून आकुर्डीला आले, दुचाकीच्या कारखान्यात आयुष्यभर राबले, आणि त्यांच्या पगारावर आमच्या घरात पहिल्यांदा कुणी एवढं शिकलं ते मी. ती चाकणजवळच्या जुन्या गावातली. बारावी झालेली, पॅकिंगच्या लाइनवर उभं राहून पाय सुजले म्हणून नोकरी सोडलेली. मला कामगार वस्तीत सर्वेक्षणासाठी बाई हवी होती, म्हणून तिला घेतलं. प्रश्नावली कशी भरायची, नोंदी कशा ठेवायच्या, अहवालात 'मला वाटते' असं का लिहायचं नाही, हे सगळं मी तिला शिकवलं. तिच्या कागदांवर लाल पेनाने खुणा करताना मला बरं वाटायचं, हे आज कबूल करते.

पण पहिल्याच महिन्यात एक गोष्ट घडली. एका चाळीत मी दारोदार फिरत होते. बायका दारातूनच उत्तरं देत होत्या, हो, नाही, माहीत नाही. चाळीच्या टोकाला पोहोचले तर ही एका खोलीत फतकल मारून बसलेली, मांडीवर मेथीची जुडी, चार बायका भोवती, आणि त्यातली एक डोळे पुसत नवऱ्याच्या दारूबद्दल सांगत होती. तीच बाई मला पंधरा मिनिटांपूर्वी "सगळं चांगलंय" म्हणाली होती. मला पाहिल्यावर ती पदर सावरून गप्प झाली. परतताना मी हिला म्हणाले, "मेथी निवडत बसलीस तर दिवसाची घरं पूर्ण होणार नाहीत." ती म्हणाली, "व्हय ताई, चुकलंच." आणि मी ते तिच्या कामाच्या कागदावर लिहूनही ठेवलं.

पुढे ती वाडीच्या कामावर गेली. मी आपल्या अभ्यासिकेत रमले, किंवा रमले असं मला वाटत होतं. एके दिवशी दुपारी वडिलांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. कुणीतरी पाठवलेली चित्रफीत होती. पाण्यात होडी, होडीत नारिंगी लाइफ जॅकेटं घातलेली पोरं, आणि वल्हं मारणारी ती, पदर खोचलेला, ऊन तोंडावर. खाली लोकांनी हात जोडल्याच्या खुणांची रांग लावली होती.

"ही तुझ्या हाताखालचीच ना?" वडील कौतुकाने म्हणाले. "काय जिगरबाज पोरगी आहे!"

"हो, मीच शिकवलं तिला," मी म्हणाले.

ती चित्रफीत मी नंतर किती वेळा पाहिली ते सांगत नाही. तिच्या वल्हं धरण्यात काही चूक दिसते का, ते मी बघत असे. वल्ह्यातलं मला काहीही कळत नाही.

वाडीवर गेले तेव्हा पावसाळा सरला होता आणि धरण काठोकाठ होतं. चाकणपर्यंत बसने गेले. तळेगाव चौकात कंटेनरांच्या रांगेत बस बराच वेळ अडकून पडली. ती स्कूटी घेऊन थांबली होती. कारखान्यांच्या भिंती संपल्या, मग भाताची खाचरं, मग एकदम पाणी. पलीकडे एक टेकाड, त्यावर थोडी कौलारू आणि पत्र्याची घरं. धरण झालं तेव्हा खालचं गाव उठलं. वरच्या या वाडीची जमीन बुडाली नाही म्हणून ती पुनर्वसनाच्या यादीत आली नाही, आणि पाणी मात्र चहूबाजूंनी आलं. उन्हाळ्यात चिखलाची एक वाट उघडी पडते. बाकी वर्षभर होडी.

काठावर एक आजोबा बसले होते. होडी त्यांच्या ताब्यात असे. तिला पाहून ते म्हणाले, "आली का माझी बाय!" मग माझ्याकडे बघून उभे राहिले. "नमस्कार, म्याडम."

होडीत मी मधोमध जॅकेट आवळून बसले. तिने वल्हं घेतलं. पाण्याचा वास, वल्ह्याचा आवाज, आणि आजोबा तिला नातीच्या लग्नाचं सांगत होते, जणू मी तिथे नव्हतेच.

वाडीवर माझ्याजवळ पाच पानांची प्रश्नावली होती. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण द्यायचे. मी आजोबांपासूनच सुरुवात केली.

"होडीच्या सोयीबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे खूप."

आजोबा विचारात पडले. "एक म्हंजी कमी?"

"हो."

"पण होडी तर येकच हाय."

आजूबाजूच्या बायका हसल्या. तीही हसली. मी पेन कागदावर टेकवूनच ठेवलं. "बरं, होडी नव्हती तेव्हा कुणी आजारी पडलं तर काय करायचात?"

"तवा वाट बघायचो," ते म्हणाले.

"कुणाची?"

"उन्हाळ्याची."

हे उत्तर लिहायला माझ्या कागदावर रकाना नव्हता.

मग तिने तयार केलेल्या दोघी भेटल्या. एक थोरली, पन्नाशीची, हातभर हिरव्या बांगड्या. दुसरी तिची सून, विशीतली, कडेवर मूल. या दोघी रक्तदाब आणि साखर मोजायच्या, गोळ्या वाटायच्या, गरोदर बायकांचं वजन करायच्या, आणि कुणाचं बिघडलं की तिला फोन करून होडी सोडायच्या. मशीन त्या अशा सफाईने हाताळत होत्या की मला माझी पहिली प्रात्यक्षिकं आठवली. त्या वेळी मला साधा पट्टाही नीट बांधता येत नव्हता.

"नोंदवही दाखवा," मी म्हणाले.

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मला आजोबांच्या घरात घेऊन गेल्या. दाराच्या आत, उजव्या हाताला, सारवलेल्या भिंतीवर गेरूने ओढलेल्या रेघा होत्या. उभ्या रेघा, आडव्या रेघा, मध्ये गोल. प्रत्येक घरात तशाच. गोळी घेतली की उभी रेघ, चुकली की आडवी. रक्तदाब वाढला की गोल. पोरांची उंची दाराच्या चौकटीला. एका घरात गरोदर बाईचं वजन दर भेटीला वर सरकत गेलेलं, वेलीसारखं.

"वही दोनदा गेली ताई," ती म्हणाली. "येकदा होडीत भिजली, येकदा उंदरांनी खाल्ली. मग ह्या दोघीच म्हणल्या, भिंत कुठं उंदीर खातोय."

आजोबा पुढे आले आणि भिंतीवर बोट ठेवून वाचू लागले. "ही बघा, हितं तीन आडव्या. लेकीकडं गेलो आन् गोळ्या इसरलो. लगीच गोल आला." सही करायला अंगठा लावणारा तो माणूस आपल्या प्रकृतीचा वर्षभराचा हिशेब माझ्यापुढे वाचत होता.

मी मोबाइल काढून फोटो घेतले. बरेच घेतले. इतकी वर्षं मी नोंदी शिकवत आले. ज्याच्या नोंदी त्यालाच वाचता याव्यात, हे मला कधी सुचलं नव्हतं. तिला तरी सुचलं असतं तर सोसलं असतं. तिने फक्त त्या दोघींचं ऐकलं होतं, आणि ते तर मला मुळीच जमलं नसतं.

जेवायला नाचणीची भाकरी आणि धरणातल्या मासळीचं कालवण होतं. पाहुणी म्हणून मला ओसरीवर पाट मांडला, आजोबांच्या शेजारी. ती आत चुलीपाशी त्या सगळ्यांबरोबर बसली. आतून हसण्याचे आवाज येत होते. एकदा माझंच नाव ऐकू आल्यासारखं वाटलं आणि घास तोंडातच फिरत राहिला.

परतताना होडीत तिने हळूच विचारलं, "ताई, भिंतीचं चालंल का गं अहवालात? का वहीच लागती? तू सांग, तुला कळतंय."

"बघते," मी म्हणाले. "नीट लिहिते."

रविवारी दुपारी, आकुर्डीच्या घरी, वडील आत वामकुक्षी घेत असताना मी अहवाल लिहिला. साहेबांनी दिलेल्या नमुन्यात एक ओळ होती: 'नोंदवही: आहे / नाही.' मी 'नाही' वर खूण केली. पुढे 'शेरा' म्हणून जागा होती. ती कोरी सोडली. मग लिहिलं की लाभार्थ्यांना गुणांची मोजपट्टी समजली नाही. खरं होतं. लिहिलं की कामाचं यश मुख्यतः एकाच व्यक्तीच्या वैयक्तिक संबंधांवर अवलंबून असल्याचं दिसतं. हेही खरं होतं, किंवा खरं वाटावं असं होतं, आणि शिवाय कौतुकासारखं दिसत होतं. अहवालात एकही खोटं वाक्य नव्हतं. लिहून झाल्यावर मी चहा केला, आलं जास्त घातलं, आणि बाल्कनीत उभी राहून प्यायले. कितीतरी दिवसांनी इतका छान चहा झाला होता.

दोन आठवड्यांनी साहेबांनी आम्हाला बोलावलं. त्यांनी माझा अहवाल उघडला.

"नोंदी ठेवलेल्याच नाहीत?" त्यांनी तिला विचारलं.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण घट्ट करत होते. ती मान खाली घालून म्हणाली, "वही न्हाई, सर. ताईनं लिवलंय ते बरोबर हाय."

"अहो, मग वर काय दाखवणार आपण?"

मला वाटलं होतं ती भिंतीचं सांगेल, भांडेल, आणि मग मी म्हणेन की हो, काही खुणा पाहिल्याचं आठवतं खरं. ते वाक्य मी तयार ठेवलं होतं. ती भांडलीच नाही.

अभ्यासिका राहिली. वाडीचं काम त्या महिन्याअखेर थांबवायचं ठरलं. उठताना साहेबांनी तिने लिहिलेल्या अहवालाची प्रत माझ्या हातात दिली. "जरा भावनिक आहे," ते म्हणाले. "पण वाचा."

बसमध्ये वाचला. हाताने लिहिलेला, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तशाच. माझं लाल पेन मनातल्या मनात चालू झालं आणि तिसऱ्या ओळीवर थांबलं.

'ताई आली की पोरं ताठ बसतात. ताई गेली की अभ्यास करतात.'

पुढे लिहिलं होतं: 'कॉम्प्युटर कपाटात कुलपात आहे. खराब होईल म्हणून देत नाहीत. हे चूक आहे.' आणि पुढे: 'मोठ्या मुली सांगतात की अभ्यासिकेत जाते म्हटलं की घरी कोणी अडवत नाही. इथे आल्यावर त्या थोडा वेळ नुसत्या बसतात. घरी नुसतं बसता येत नाही. म्हणून ही जागा बंद करू नये.' शेवटी: 'दोन्ही कामं अर्धी अर्धी चालवावी. हे मी माझ्या कामासाठी पण लिहीत आहे, ते लपवत नाही.'

माझ्या मुली. तीन वर्षं रोज माझ्यासमोर बसणाऱ्या. त्या नुसत्या बसतात तेव्हा मी त्यांना "पुस्तक उघडा" म्हणत होते. आणि ही एका दुपारी येते काय, आणि त्या तिला हे सांगतात काय! मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर आधी जळफळाटच झाला. तिचं काम चांगलं, माणसं तिची, आणि आता माझ्यापेक्षा चांगला अहवालही तिचाच. नाशिक फाट्याला उतरायचं ते मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि उन्हात मागे चालत आले.

तरीही मी लगेच काही केलं नाही. दिवस जात राहिले. तिचा फोन आला नाही, मीही केला नाही. मग एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो येऊन थांबला. कंपनीने वाडीवरचं सामान परत घेतलं होतं, आणि चालू असलेल्या प्रकल्पाला वापरता येईल म्हणून सगळं माझ्याकडे पाठवून दिलं होतं. वजनकाटा, रक्तदाबाचं मशीन, आणि नारिंगी जॅकेटांचा ढीग.

दापोडीच्या त्या गल्लीत जॅकेटं! पोरांची चंगळ झाली. जो तो अंगात घालून बाकांवरून उड्या मारायला लागला. "मॅम, इथे कुठे बुडणार आपण?" नववीतली एक मुलगी हसत हसत एक जॅकेट घेऊन माझ्याकडे आली. तिचे वडील गल्लीतच गॅरेज चालवतात आणि ती शिवणकाम छान करते. तिने जॅकेट उलटं करून दाखवलं. "हे बघा ना. कुणीतरी आतून टाके घालून लहान केलंय. अगदी बारक्या पोराचं असणार. किती घट्ट दोरा घेतलाय!"

मी ते हातात घेतलं. जाड पांढरा दोरा, गोधडीचा असतो तसा, दुपदरी. एका आईने होडीत बसणाऱ्या आपल्या पोराच्या अंगाला बसावं म्हणून ते कितीदा घालून पाहिलं असेल. आणि आता ते पोर काय घालून होडीत बसत असेल, या प्रश्नावर मी येऊन थांबले. त्या दिवशी अभ्यासिका लवकर बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चाकणला गेले. साहेबांपुढे मोबाइल ठेवला आणि भिंतींचे फोटो एकेक करून दाखवले. कुठली रेघ कशाची ते सांगितलं. त्यांनी एक फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"हे आधी का नाही दाखवलंत?"

"दाखवायचं नव्हतं म्हणून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कारण विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "वरून सही होऊन आलीय. नवीन पैसे मिळणार नाहीत. तुमच्या कामातलं अर्धं सोडायला तयार असाल तर मी विचारून बघतो. पण तुमचा पहिला अहवाल मागे घेतल्याचं लेखी द्यावं लागेल. आणि यापुढे मूल्यमापनाला तुम्हाला पाठवता येणार नाही. समजतंय ना?"

समजत होतं. वेगवेगळ्या संस्था मला याच कामासाठी बोलवायच्या, त्यात माझा थोडा मान होता. मी तिथेच लिहून दिलं. अभ्यासिकेच्या दोन खोल्यांपैकी एक सोडावी लागणार होती आणि मी अर्धवेळ होणार होते. सही करताना माझ्या मनात पश्चात्ताप होता, पण त्याच्या पोटात हाही विचार होता की आता वाडीवर सगळ्यांना कळेल, मी काय केलं ते. अर्धं काय सोडलं ते.

वरून होकार आला तेव्हा मी सामान टेम्पोत भरलं आणि स्वतः सोबत गेले. ती काठावर उभी होती. जॅकेटं पाहून तिचा चेहरा उजळला. "ताई! तू केलंस व्हय हे? कसं काय जमवलंस?"

तेवढ्यावर थांबता आलं असतं. ती मला देवीच मानायला निघाली होती. पण तो आनंद मला पेलला नाही. मी सांगितलं. भिंतीचं मी मुद्दाम लिहिलं नाही, हे सांगितलं.

तिला आधी कळलंच नाही. "म्हंजी? मला वाटलं तुमच्या शास्त्रात भिंत चालत नसंल. तू येवढी शिकल्याली. म्हणून तर मी सरांपुढं गप बसले."

"चालली असती. मी लिहिलं नाही."

"का पण?"

"जळत होते तुझ्यावर."

"माझ्यावर?" ती खरोखर गोंधळली. "माझ्यात काय हाय जळण्यासारखं? सर तुला खुर्ची देत्यात, तू बसलीस की मग मला बसा म्हणत्यात." मग हळूहळू तिच्या डोळ्यांत काहीतरी बदलत गेलं. ती माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली. "बरं. जळायचं तर माझ्यावर जळायचं ना. त्या म्हाताऱ्याचं काय? गोळ्या संपल्या, मशीन नेईपातुर गोलावर गोल आले त्याला. भिंतीवर बघून तो सोताच समजून होता. हे न्हाई दिसलं तुम्हाला?"

तुम्हाला. आजोबा होडी घेऊन आले. दोघांनी मिळून सामान चढवलं. मला कुणी चला म्हटलं नाही. मीही येते म्हटलं नाही.

आजोबांचा रक्तदाब पुढे गोळ्यांनी खाली आला, हे मला साहेबांकडून कळलं. ती माझ्याशी कामापुरतं बोलते, नीट बोलते, आणि तुम्हीच म्हणते. वाडीवर मी काय सोडलं ते कुणाला माहीत नाही. तिने सांगितलंच नाही त्यांना. मी काय केलं तेही सांगितलं नाही. तिथे मी अजून फक्त एकदा प्रश्न विचारायला आलेली म्याडम आहे. हे मला कधी बरं वाटतं, कधी टोचतं.

यंदा पुन्हा मूल्यमापनाची वेळ आली आणि पैसे पुन्हा नव्हतेच. साहेबांनी या वेळी दापोडीला वाडीवरच्या त्या सासू-सुनेला पाठवलं. दोघी सकाळीच आल्या, सून कडेवरच्या पोरासकट. लोकल धडधडत गेली तेव्हा पोर दचकून रडलं आणि माझ्या मुलींनी ते उचलून घेतलं. तिथून पुढे त्या दोघी माझ्या हाती लागल्याच नाहीत. मुली त्यांना घेऊन बसल्या. कपाटातून बाहेर आलेल्या कॉम्प्युटरवर एकीने वाडीचा नकाशा उघडला. सासूबाई आपलं घर शोधत पडद्याला नाक लावून बसल्या. ज्या मुलीने जॅकेटातले टाके दाखवले होते, ती त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती. मी दारापाशी माझ्या टेबलावर बसून ते बघत होते. एवढ्या वर्षांत त्या मुलीने माझ्या कानाशी कधी काही सांगितलं नाही. ते जुनं जळणं पुन्हा आलं. मी ते ओळखलं. आता ते आलं की निदान कळतं.

दुपारी थोरली माझ्याजवळ आली. "तुमी हितंच बसता का रोज?"

"हो. येणाजाणाऱ्यावर लक्ष राहतं."

"हितनं पोरांची पाठ दिसती," ती म्हणाली. "तोंड दिसत न्हाई."

मी वळून पाहिलं. खरंच पाठीच होत्या. एका खोलीत सगळं बसवताना टेबल जिथे मावलं तिथे ठेवलं होतं, असं मी म्हणणार होते. पण पहिल्या मोठ्या खोलीतही ते दारापाशीच होतं.

"तिकडं खिडकीखाली घ्या," ती म्हणाली. आणि माझी वाट न बघता तिने एका बाजूने टेबल धरलं. सुनेने दुसऱ्या बाजूने. मुली धावत आल्या.

"अहवालात काय लिहिणार?" मी त्यांना बसथांब्यावर सोडायला गेले तेव्हा विचारलं.

"लिवणार न्हाई, सांगणार हाय सायबाला," सासूबाई म्हणाल्या. "पोरी चांगल्या हायती. जागा कमी हाय. तुमी वाईच रागीट हाय."

"बरं."

बस आली. सून पायरीवर चढून मागे वळली. "आमच्या ताईला काय सांगू?"

मला बरंच काही सुचलं. त्यातलं निम्मं माझ्याच मोठेपणाचं होतं.

"टेबल हलवलं म्हणून सांगा," मी म्हणाले.